सूर्याच्या जागी चंद्र

नाण्यांवरची फारसी मला तशी लवकर वाचता आली. इंग्रजीतला ‘रिपेअर्ड’ हा एक शब्द नीट वाचायला मात्र वीसेक वर्षं गेली.

परदेशी डीलरांच्या याद्यांत तो वर्णनाच्या अगदी शेवटी असतो. राजा, टांकसाळ, वर्ष, वजन, दुर्मीळ, अतिदुर्मीळ असं सगळं ठणठणीत सांगून झालं की एक स्वल्पविराम, आणि मग हा. आता दुरुस्ती म्हणजे नेमकं काय? दागिन्याची कडी काढून कड घासली, ती दुरुस्ती. भोक बुजवलं, ती दुरुस्ती. वाकलेलं सरळ केलं, तीही. आणि गेलेल्या अक्षराच्या जागी कोरणीने नवं अक्षर उभं केलं, तर तिलाही दुरुस्तीच म्हणायचं. पहिल्या तिन्हींत नाणं जखमी असतं, एवढंच. चौथीत ते भलतंच काही बोलायला लागतं.

मी पुण्यात जुन्या नाण्यांची पारख करतो. थोडी खरेदी-विक्री, बाकी लोकांसाठी बघून देणं. माझं एक जुनं गिऱ्हाईक सोलापूरचं, चादरीच्या धंद्यातलं. मी त्यांना अण्णा म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात, मी कुठेही शिकवत नसलो तरी. अण्णांना फक्त सोलापूर हवं असतं. सोलापूरचा नकाशा, सोलापूरच्या गिरणीचं लेटरहेड, सोलापूरचं नाणं. दोन वर्षांपूर्वी लंडनच्या एका डीलरच्या यादीत त्यांना औरंगजेबाची सोन्याची मोहर दिसली. टांकसाळ शोलापूर. हिजरी १०९७. आणि शेवटी तो शब्द.

दुरुस्ती नसती तर ती मोहर ज्या भावाला गेली असती, त्याच्या निम्म्याला लावली होती. अण्णांचा फोन आला तेव्हा त्यांचं जवळजवळ ठरलेलंच होतं.

मी म्हटलं, “औरंगजेब कधीपासून चालायला लागला तुम्हाला?”

“बादशहाचं मला काय कौतुक? माझ्या गावाचं नाव सोन्यावर आलंय, ते बघायचंय.”

त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. १६८५ मध्ये औरंगजेबाचा तळ सोलापुरात पडला होता. विजापूरची मोहीम तिथून हलत होती आणि सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर पडलं. १०९७ हे साल बरोबर त्या दिवसांत बसतं. एवढं लष्कर पोसायचं तर हाताशी टांकसाळ हवीच. सुरतेसारख्या बंदराच्या टांकसाळीचा माल ट्रे भरभरून सापडतो, शोलापूर क्वचित. त्यामुळे माझी पहिली शंका थेट टांकसाळीच्या नावावर होती. भाव नावाला आहे, म्हणजे कोरणी फिरली असेल तर तिथेच फिरली असणार.

डीलर म्हणत होता, मागवून घ्या, चौदा दिवसांत परत करता येईल. ही सवलत आपल्याला पेलणारी नाही. शंभर वर्षांवरचं नाणं आपल्याकडे पुरावस्तू ठरतं, आणि १९७२च्या कायद्याने पुरावस्तू देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. नापसंत पडलं म्हणून परत धाडायला जावं तर त्या परवानगीमागे कोण धावणार? एकदा आलं की आलं. तेव्हा जे बघायचं ते तिकडे असतानाच बघायला हवं होतं. माझी भाची लंडनला नोकरी करते. तिला नाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण हात स्थिर आहे आणि सांगितलेलं करते. मला एवढंच पुरेसं होतं.

मार्चमधला शुक्रवार. तिकडचे सकाळचे अकरा, म्हणजे आपले साडेचार. अण्णा सकाळीच हुतात्माने पुण्यात आले होते, शेंगाचटणीचा डबा घेऊन, आणि संध्याकाळी सहाच्या त्याच गाडीचं परतीचं तिकीट खिशात. म्हणजे निकाल लावायला तास-दीड तास. मी लॅपटॉप उघडून बसलो, अण्णा माझ्या खांद्यामागे खुर्ची ओढून.

“मामा, मखमलीच्या ट्रेमध्ये दिलंय. केवढुसं आहे हे! शर्टाच्या बटणापेक्षा थोडं मोठं.”

“कडेनेच धर. तोंडावर बोट लावू नकोस.”

आधी वजन. डीलरकडे चांगला काटा होता. म्हातारा गृहस्थ स्वतः करून दाखवत होता. हवेत १०.९१ ग्रॅम, पाण्यात दोऱ्याला टांगून १०.३४. फरक ०.५७, म्हणजे घनता एकोणीसच्या किंचित वर. मुघल मोहरेचं सोनं जवळजवळ शुद्ध, तिला हा आकडा शोभतो. अण्णांनी मागून हुंकार दिला. मी त्यांना म्हटलं, थांबा. मोहरीच्या दाण्याएवढं ठिगळ असलं तर त्याने घनता फारशी हलत नाही. मूळ अंग खरं, एवढंच यातून कळलं.

मग उजेड. यादीतले फोटो सगळीकडून सारखा प्रकाश टाकून काढलेले असतात. त्यात सोनं छान दिसतं आणि सांधा दिसत नाही. मी भाचीला दिवा बंद करायला लावलं, फोनची बॅटरी नाण्याच्या पातळीत आडवी धरायला सांगितली आणि दुसऱ्या फोनचा कॅमेरा दहापटीच्या भिंगावर टेकवून नाणं हळूहळू फिरवायला सांगितलं. दोन हातांत हे सगळं मावेना तेव्हा म्हाताऱ्याने बॅटरी धरली. भला माणूस. लपवायचं असतं त्याने असा उजेड धरला नसता.

टांकसाळीची बाजू आधी. शीन या अक्षराचे तीन नुक्ते, म्हणजे ठिपके, पुढे लाम, पे. ठशातून आलेलं अक्षर पायथ्याशी गोलसर असतं, सोनं खालून वर दाबलं गेल्यासारखं. इथे तसंच होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. शोलापूर खरं होतं. मी अण्णांना काही बोललो नाही. तोंडावरून कळलंच असावं, कारण डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला.

“आता पलटव.”

कडेपासून तीनेक मिलिमीटर आत, आडव्या उजेडात, केसासारखी एक गोल रेघ चमकली. भोक. आतलं सोनं किंचित तांबूस, म्हणजे तांबं जास्त असलेलं, हलक्या कसाचं. मोहर माळेत ओवायला भोक पाडलेलं, पुढे कधीतरी कुणीतरी बुजवलेलं.

यात मला धक्का बसण्यासारखं काही नव्हतं. आमचं घराणंच सोनाराचं. वडील साताऱ्याला बसायचे. टाकणखाराची बशी, फुंकणी, चिमटा. बायका सासूच्या पुतळ्या, मोहरा घेऊन यायच्या, आणि वडील त्यांना डाख देऊन कडी बसवून द्यायचे किंवा सरळ भोक पाडायचे. मी शेजारी बसून बघायचो. आज बाजारात तशी कडीची खूण असलेलं नाणं आलं की मी निर्विकारपणे भाव खाली आणतो, आणि दर वेळी एक क्षण वाटतं, हे आमच्याच ओसरीवरून गेलं नसेल ना? त्या भोकाचा मला राग येत नाही. नाणं गळ्यात होतं म्हणून वितळलं नाही, असंही पुष्कळदा झालंय.

पण बुजवणारा तिथे थांबला नव्हता. भोकात जे अक्षर गेलं होतं ते त्याने परत कोरलं होतं. ठिगळावर अक्षर उठावात आणायचं तर भोवतालचं सोनं खरवडावं लागतं. तसं ते खरवडलेलं होतं. शब्दाभोवती उथळ बशीसारखा खड्डा, त्यात कोरणीचे समांतर ओरखडे. अक्षरांच्या कडा उभ्या, चाकूने कापल्यासारख्या.

मी वाचायला लागलो. औरंगजेबाच्या नाण्यांवर कलमा नाही, एक शेर आहे: सिक्का जद दर जहाँ चू मिह्र-ए-मुनीर, शाह औरंगजेब आलमगीर. शाह औरंगजेब आलमगीराने जगात नाणं पाडलं, झळझळीत सूर्यासारखं. हे झालं सोन्याच्या नाण्याचं. रुपयावरही हाच शेर येतो, फक्त एक शब्द बदलून. तिथे मिह्र नसतं, बद्र असतं. पौर्णिमेचा चंद्र. सोन्याला सूर्य, चांदीला चंद्र.

या मोहरेवर, ठिगळावर, बद्र होतं.

मी तीनदा फिरवून घेतलं. बे, खाली नुक्ता, दाल, रे. शेवटचं रे दोन्ही शब्दांत सारखंच, पण इथे त्याच्या शेपटीला उगाच एक झोल दिलेला. कारागिराला फारसी येत नसणार. त्याने समोर नमुना ठेवला असेल, आणि नमुना म्हणून हाताशी काय मिळणार? रुपया. त्याने इमानेइतबारे चंद्र उतरवून घेतला.

मला हसू फुटलं आणि लगेच रागही आला.

“काय झालं?” अण्णा.

मी सांगितलं. अण्णा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. तिकडे भाचीने म्हाताऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, परत सांगा. तिने परत सांगितलं. त्याने कपाटातून औरंगजेबाचा एक सुरतेचा रुपया काढला, दोन्ही भिंगाखाली शेजारी ठेवले आणि गप्प झाला. त्याला फारसी वाचता येत नव्हती. शेरातला शब्द तपासावा असं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. नाणं त्याच्याकडे एका जुन्या संग्रहातून आलं होतं, भोक बुजवलेलं त्याने ओळखलं आणि प्रामाणिकपणे तो एक शब्द लिहिला. माझं म्हणणं एवढंच होतं की शब्द एक लिहिलात, कामं दोन झाली आहेत.

सव्वापाच वाजले होते. मी अण्णांना म्हटलं, सोडून द्या. नुसतं भोक असतं तर मी आग्रहाने घ्यायला लावलं असतं. हे उद्या विकायला काढाल तर घेणारा बनावट म्हणून हात झटकेल.

“मास्तर, शोलापूर खरं आहे ना?”

“आहे.”

“मग मी विकणार कशाला?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाव आणखी उतरवला, ते मात्र मी केलं. म्हाताऱ्याने फार ताणलं नाही; मी सांगितलेल्या आकड्यावर थोडं चढवून त्याने मान्य केलं, आणि पावतीवर दोन्ही दुरुस्त्या वेगवेगळ्या लिहून द्यायचं कबूल केलं. अण्णांना रिक्षात बसवलं. गाडी मिळाली त्यांना, चटणीचा डबा माझ्याकडेच राहिला.

पैसे पाठवणं, कस्टम्स, ड्यूटी हे अण्णांच्या सीएने आणि एजंटने निस्तरलं. अडीच महिने गेले. मोहर घेऊन मी सोलापूरला गेलो. अण्णांनी ती तळहातावर घेतली, उजेडाला नेली आणि टांकसाळीची बाजू वर ठेवून मला वाचायला लावलं. मी बोटाने दाखवत वाचलं. मग म्हणाले, चिठ्ठी तुम्हीच लिहा. नाण्याच्या पाकिटात ठेवायची ती चिठ्ठी, दोन इंच बाय दोन इंच. मी लिहिलं: औरंगजेब, मोहर, शोलापूर, १०९७. छिद्र बुजवलेले. ‘मिह्र’च्या जागी मागाहून कोरलेले ‘बद्र’. जागा संपली. सही मागच्या बाजूला केली.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी म्हाताऱ्याचा मेल आला. मजकूर दोनच ओळींचा: वेळ असेल तर हे बघाल का? सोबत फोटो, आणि या वेळी उजेड आडवा टाकून काढलेला. बुऱ्हाणपूरची मोहर, त्याच बादशहाची, तशीच भोक बुजवलेली. मी फोटो मोठा केला. शब्दाभोवती तीच उथळ बशी, तेच ओरखडे, रेच्या शेपटीला तोच झोल. हात तोच. फक्त या वेळी शब्द बरोबर होता. मिह्र.

मधल्या काळात त्याला कुणीतरी सांगितलं असावं. किंवा नमुन्याला या खेपेस मोहरच मिळाली असेल.