कानवाला कप

१ फेब्रुवारी, रात्री

आज मामांच्या गाड्यावर मला कपातून चहा आला. बाकी चौघांना ग्लास, मला कप. चांगला मोठा कान असलेला, अंगावर गुलाबाची फुलं, आणि अर्धाच भरलेला. पोरगं ठेवून गेलं, काही बोललं नाही. ते सोडा, कट्ट्यावरचं कुणीच काही बोललं नाही. आता आमच्या पेठेत एखाद्यानं नवीन चप्पल घातली तर कुठनं घेतली, केवढ्याला पडली, फसलास की लेका, यात पंधरा मिनिटं जातात, आणि इथं एक माणूस अचानक फुलाफुलांच्या कपातून चहा प्यायला लागलाय तर चौघंबी रस्त्याकडं बघत बसलेत. म्हणजे माहितेय. सगळ्यांना माहितेय.

कुणी सांगितलं?

चहा न सांडता प्यालो हे पण लिहून ठेवतो. दोन बोटं कानातनं आरपार गेली, चिमटीत धरायला लागलं नाही, कप मनगटावरच तोलला गेला. गेला महिनाभर मी ग्लास दोन्ही हातात धरून, कोपरं पोटाला टेकवून, तोंड खाली नेऊन पितोय आणि थंडीची ऊब घेतोय असं दाखवतोय. तरी सांडायचाच. या आजाराची एक गंमत आहे, हाताचं काम बंद पडत जातं पण कातडीला सगळं कळतं, चहा सांडला की पहिल्यासारखाच पोळतो. तर आज पोळलं नाही. आणि राग कशाचा आला म्हणाल तर ह्याचाच.

घरी येईपर्यंत माणसं मोजली. ही, थोरला, बारकी, दाजी, फिजिओवाल्या मॅडम आणि इचलकरंजीच्या ताई. सहा. ताईंना कट्टा माहिती नाही, थोरला पुण्यात, दाजी बोलतील पण चहा पीत नाहीत. बाकी सगळीकडं मी मणका सांगितलंय. तसं ते पूर्ण खोटं पण नाही, वर्षभर माझा मणकाच होता. पहिल्यांदा कळलं ते कारखान्यात मायक्रोमीटरवर, पार्टची जाडी मोजायचं ते. २८ वर्षं शिरोलीत इन्स्पेक्शनला, झोपेत रॅचेट फिरवणारा माणूस मी, तो अंगठ्याला फिरेना. म्हटलं थंडी असंल, मग म्हटलं वय झालं, मग एक्सरे, एमआरआय, मानेला पट्टा, तीन महिने वजनं लावून मान ओढून घेतली, एकानं तेल दिलं. तोवर अंगठा आणि शेजारच्या बोटामधला मांसाचा गोळा बसत चाललेला, आता तिथं चमचाभर पाणी थांबेल एवढा खड्डा आहे. दंड आपोआप लवायचा, डोळा लवतो तसा. मग ती सुया टोचून करंट बघायची टेस्ट, मग दाजींना घेऊन बेंगळुरूला निमहान्समध्ये, आणि तिथं पण तेच. एएलएस. मोटर न्यूरॉनचा, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसांचा आजार. कोल्हापूरचा माणूस, मोटर म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं आलं ते रिवाइंडिंग. इथं जळालेली मोटर सकाळी टाकली की संध्याकाळी बांधून मिळती. डॉक्टरांना तसं म्हणालो पण, त्यांना मराठी येत नव्हतं आणि दाजींनी भाषांतर केलं नाही.

गोळी आहे, रिलुझोल, ५० ची, सकाळ-संध्याकाळ, रिकाम्या पोटी, मधनंमधनं लिव्हरसाठी रक्त तपासायचं. बरं करत नाही, थोडे महिने पुढं ढकलती. दाजी हॉकिंग सांगतात, तो शास्त्रज्ञ, त्याला हेच होतं. १९६३ ला २१ वर्षांचा असताना कळलं आणि गेला २०१८ ला, म्हणजे ५५ वर्षं. माझ्या ५३ त ५५ मिळवले की १०८ होतात, एवढं कुणाला पेन्शन द्यायचं असतंय. लक्षणं दिसल्यापासून बहुतेकांना दोन ते पाच वर्षं, दहातला एखादाच दहाच्या पुढं जातो, हे दाजींनी पण वाचलंय. ते सांगत नाहीत. मी विचारत नाही.

थोरल्यानं २०१४ ला गच्चीवर बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेतलेली, सगळं जगच करत होतं तेव्हा, बारकी व्हिडिओ काढत होती. मी खालनं ओरडलो, पाणी काय फुकट येतंय काय. ह्याच आजारासाठी चाललंय ते त्यालाही माहित नव्हतं, मला तर नव्हतंच. परवा फोनवर त्यानं तो विषय काढला आणि मग दोघंही गप्प.

हे सोडून दुसरं लिहायला बसलो होतो. कप.

मला लपवायचंच आहे असं काही नाही. कधीतरी सांगायचं होतंच, मार्चअखेर झाली की, लग्नसराई संपली की. पण मी नसताना कुणीतरी गाड्यापाशी उभं राहून हळू आवाजात माझ्याबद्दल बोलतंय, आणि ऐकणारा मान हलवून अरेरे म्हणतोय, हे चित्र डोळ्यासमोरनं जाईना. लहानपणी पेठेत एक काका होते, लकवा झालेले, दारात खुर्चीवर बसायचे. आम्ही पोरं त्यांच्यासमोरनं जाताना खेळ थांबवायचो. कुणी सांगितलं नव्हतं थांबवायला. आता माझ्यासमोर चौघं ढाण्या वाघ रस्त्याकडं बघत चहा पितात. फुटबॉलवरनं एकमेकांची गचांडी धरणारी माणसं ही.

(हे सगळं डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करतोय, पूर्णविरामाचं बटण लांब आहे, तेव्हा वाक्यं लांबली तर समजून घ्या.)

ही देवळातनं साडेसातला आली. किरणोत्सवाचा दुसरा दिवस, मरणाची गर्दी म्हणे, मावळतीची किरणं देवीवर कुठवर चढली, मध्ये धूळ किती, कुठल्या बिल्डिंगचा अडथळा, हे सगळं सांगून झालं. पहिल्या दिवशी पाय, मग छाती, मग मुख. मी म्हटलं अंबाबाईचं खालनं वर चाललंय, माझं वरनं खाली. हसली नाही. मग विचारलंच, मामांच्या गाड्यावर कोण बोललं?

"मी."

एवढंच. आणि दळणाचा डबा उचलून चालली.

मी आवाज चढवला. म्हणजे चढवायला गेलो. मला विचारायचं नाही काय, गावभर दवंडी पिटायची होती काय, वगैरे. तिनं डबा खाली ठेवला आणि म्हणाली, "अहो दिवाळीपर्यंत थांबलो की मी. तुम्ही सांगणार न्हवता. आणि मी एकटी कुणाकुणाला पुरी पडू?" मग दुधाच्या हिशोबाची वही आणून समोर टाकली, मागची पानं काढून. "बघा आणि काय बोलायचं ते बोला, मी दळण टाकून येतो."

लिस्ट होती. हळदीकुंकवाच्या बोलावण्याची करते तशी, नाव आणि पुढं बरोबरची खूण. वरच्या वहिनी. रिक्षावाले काका, पुढं लिहिलंय "हात ओढायचा नाही, खांदा दुखावतो, कमरेला धरून उठवायचं". शिंपी, "बटणं वरनं तशीच, आत चिकटपट्टी". दाढीचं दुकान, "घरी येतो म्हणाला". बँक, "सही जुळत नाही, अंगठा चालतो का". अठ्ठावीस वर्षं माझ्या सहीशिवाय एक कास्टिंग गेटबाहेर गेलं नाही आणि ही बाई बँकेत जाऊन अंगठ्याची चौकशी करून आलीय. मग पैलवान. त्याच्यापुढं सूचना नाही, एकच शब्द, "रडला".

हा माझ्याशेजारी बसून रस्त्याकडं बघत होता सकाळी.

आणि खाली चहाचा गाडा. "ग्लास जड होतो." खूण.

ती आल्यावर म्हटलं, कपाचं लिहिलेलं नाही यात. म्हणाली कपाचं मी बोललोच नाही, ते त्या पोराचं डोकं, घरनं आणला असंल. मी विचारलं, सांगितल्यावर काय म्हणालं ते? मला ते अरेरे ऐकायचं होतं एकदाचं. "काय म्हणायचंय? डावा की उजवा, एवढं विचारलं."

डावा की उजवा.

मला काय झालं माहित नाही, हसायला आलं. मघाशी राग कुणावर होता तेच सापडेना. दोन तास मी गाड्यापाशी कोण हळू बोलतंय ते बघत बसलो होतो आणि तिथं गिऱ्हाइकाच्या हाताची चौकशी चालली होती. तरी पूर्ण गेला नाही राग. दिवाळीपासनं ही बाई रोज एकेकाला गाठत होती आणि मी घरात मणका मणका करत बसलो होतो, यातला मूर्ख कोण हे वहीत बरोबरच्या खुणेसकट लिहिलेलं आहे.

लिस्टमध्ये सगळ्यात शेवटी आत्याबाई, म्हणजे तिची सासू, माझी आई. पुढं मोकळं. ते तुमचं आहे, म्हणाली.

आई दर रविवारी राधानगरीहून फोन करते. मणका कसा हाय. बरा हाय. दंड लवतो म्हणालो होतो एकदा, तर उजवा लवतोय न्हवं, चांगलं असतंय म्हणाली.

जाऊंदे.

ताईंचा मेसेज आलाय मघाशी, रेकॉर्डिंग केलं का. त्यांना पण हेच, आवाज गेलाय, त्या टाइप करतात आणि मिस्टर फोनवर वाचून दाखवतात. पहिल्यांदा बोललो तेव्हा नमस्कार झाला आणि थेट, पाणी पिताना ठसका लागतो का, गिळताना हनुवटी खाली घ्या, रात्री सपाट झोपून दम लागतो का, लागला तर फुप्फुसाची टेस्ट लांबवू नका, आणि आवाज आहे तोवर भरून ठेवा, पुढं यंत्र तुमच्या आवाजात बोलेल. मधनंमधनं मिस्टर वाचताना थांबायचे. घरात कुणी मला असं सरळ विचारत नाही. त्यांनी आवाज भरून ठेवला नव्हता, तेवढंच एक त्या दोनदा म्हणाल्या.

रेकॉर्ड केलं आत्ता. काय बोलायचं कळेना. "बारके दार लाव." "काय लेका, कुठंयस?" "जोतिबाच्या नावानं चांगभलं." दोन शिव्या पण भरल्यात, त्या यंत्राला जमणार नाहीत. हिचं नाव घेऊन एक वाक्य भरायला गेलो, तीनदा पुसलं.

२ फेब्रुवारी, सकाळी

गेलो. जायचं नव्हतं, गेलो. परत तोच कप, अर्धा. संपवला आणि पोराला म्हटलं अजून अर्धा आण. आणला, डाव्या बाजूला ठेवला आणि कान माझ्याकडं फिरवून गेलं.

मग मी पैलवानाकडं बघितलं. तो रस्त्याकडं. म्हटलं बघ की लेका इकडं, किती वेळ टेम्पो मोजणारायस.

त्यानं कपाकडं बघितलं. घसा खाकरला.

"कुठनं घेतलास?"

"पोरानं आणलाय."

"केवढ्याला पडला?"

"विचारलं नाही."

"फसलास की," म्हणाला, "फुलं एकाच बाजूला हाईत." मग बाकीच्यांनी कप फिरवून फिरवून बघितला, चहा सांडला, तो त्यांनी सांडला, मी नाही, आणि पंधरा मिनिटं गेली.