प्रश्नाच्या आड लपलेले विधान

आज सीबीटीमधला (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे मनातले विचार तपासून पाहायला शिकवणारी मानसोपचार पद्धत) विचारांच्या नोंदीचा तक्ता भरताना दुसऱ्या, म्हणजे विचाराच्या, रकान्यापाशी बराच वेळ अडकलो. प्रसंगाचा रकाना सोपा होता: सकाळी वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालावर संध्याकाळपर्यंत काहीही उत्तर आले नव्हते. भावनेचा रकानाही लगेच भरला; धास्ती, १०० पैकी ७०. या दोहोंच्या मध्ये मनात नेमके काय येऊन गेले ते लिहायला घेतले, तेव्हा मात्र कागदावर उतरला तो एक प्रश्न, ‘आता काय होणार?’

सीबीटीमध्ये असा प्रश्न तसाच ठेवत नाहीत, कारण प्रश्न खरा किंवा खोटा नसतो आणि म्हणून त्याच्याकडे पुरावाही मागता येत नाही. या प्रश्नाचे कोणते उत्तर ऐकायची मला सर्वाधिक भीती वाटते, असे स्वतःला विचारले, तेव्हा कुठे खरे वाक्य हाती लागले: ‘अहवाल त्यांना आवडलेला नाही आणि यापुढे ते महत्त्वाचे काम माझ्याकडे देणार नाहीत.’ पहिल्या अर्ध्या भागात दुसऱ्याचे मन वाचल्याचा दावा आहे, तर उरलेल्या भागात एका दिवसाच्या मौनावरून साऱ्या भविष्याचा निकाल लावलेला आहे. मनोविश्लेषणाचे शिक्षण घेतलेले अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांना १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांमध्ये असेच क्षणात येऊन जाणारे विचार आढळले होते, ज्यांना त्यांनी ‘स्वयंचलित विचार’ म्हटले. ते इतके सवयीचे असतात की त्यांची तपासणी करावी असे सुचतच नाही.

पुरावा पाहू गेलो तर बाजूने एकच गोष्ट होती, उत्तर न येणे. आणि विरुद्ध बाजूने, वरिष्ठांची उत्तरे एरवीही दुसऱ्या दिवशी येतात हा अनुभव. (‘सकारात्मक विचार करा’ या सल्ल्याचा मला मनापासून कंटाळा आहे, आणि ही पद्धत तो देत नाही म्हणूनच ती मला पटते. विचार खरा निघाला, तर त्याला गोड शब्दांत गुंडाळायचे नसते, समस्या सोडवायला लागायचे असते.) नवे वाक्य लिहिले: ‘उत्तर आलेले नाही, त्याचे कारण मला ठाऊक नाही.’ धास्ती ४० वर आली, शून्यावर नाही, आणि तेवढे पुरेसे आहे.

उद्या दुपारी मी त्यांना अहवालाबद्दल सरळ विचारणार आहे. ते काय म्हणतील याचा माझा अंदाज आजच लिहून ठेवला आहे, म्हणजे नंतर तो सोयीने बदलता येणार नाही.