आकडा

मंगळवार, रात्री बारानंतर

आज अण्णांच्या जुन्या गाडीचं मीटर पुण्याहून दुरुस्त होऊन आलं.

थर्माकोलच्या खोक्यात, बबलवाल्या प्लास्टिकच्या चार पदरांत, वरून लाल स्केचपेननं ‘काच आहे’ असं लिहिलेलं. माणसानं काम नेकीनं केलंय हे आधी लिहून ठेवते, नाहीतर चार दिवसांनी पुढचं वाचून मलाच वाटायचं की त्यानं मला फसवलं. डायल काळीकुळकुळीत. आकडे दुधासारखे. क्रोमची कडी इतकी लख्ख, की तिच्यात माझं नाक बटाट्याएवढं दिसत होतं. काटा पुन्हा शेंदरी झालाय. तो कधीकाळी शेंदरी होता हेच मी विसरले होते, मला आठवतो तो चहाच्या रंगाचा. दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी गेले आणि डायलच्या पोटातल्या, गाडी किती पळाली ते दाखवणाऱ्या त्या बारक्या चौकटीत बघितलं.

पाच शून्यं.

पोटात कालवलं. तशीच उभी राहून फोन लावला. काय काय बोलले ते आता आठवायला नको वाटतंय. ‘तुम्हाला कुणी सांगितलं होतं?’ हे दोनदा तरी. ‘आमच्या वडिलांची गाडी आहे ती,’ हेही. जसं काही त्याच्याकडं येणारी बाकीची मीटरं अनाथच असतात. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, ‘मॅडम, मी विचारलं होतं. झिरो करू का म्हटलं, तुम्ही हो हो म्हणालात. मागं कटर चालू होता तुमच्याकडं.’

असेल. त्या आठवड्यात केबिनचा खालचा पत्रा कापत होते, आणि कटरच्या आवाजात मी कशालाही हो म्हटलं असेल.

‘एवढं काही नाही त्यात,’ तो म्हणाला. ‘पाच चाकं असतात, एकेकावर शून्य ते नऊ. आकडा सांगा, फिरवून बसवून देतो. कुरियरचे तेवढे द्या.’

आणि मला आकडा सांगता येईना.

त्रेचाळीस हजार, म्हणाले. ‘पुढं?’ पुढं आठशे. की तीनशे? शेवटी सात होता, आणि तो सात धड सात नव्हता, सात आणि आठच्या मधे अडकलेला होता, हे पक्कं आठवतंय. पण अडकलेला सात म्हणजे काही आकडा नव्हे. ‘निवांत बघून सांगा मॅडम,’ म्हणून त्यानं फोन ठेवला. इतका नीट वागला की राग काढायलाही जागा ठेवली नाही.

दुपारभर फोनमधले फोटो चाळले. गाडीचे कितीतरी आहेत. गाडी आणि लिंबाचं झाड, गाडी आणि पाहुणे, दसऱ्याला झेंडूच्या माळेतली गाडी. डॅशबोर्डचा एकच. त्यात अण्णांचं मनगट नेमकं मीटरवर आलंय, घड्याळाचा पट्टा, त्याच्या वर ‘४३’ एवढंच डोकावतंय. बाकीचे तीन आकडे मनगटाखाली. फोटो २०१८चा. त्यानंतरचा असून उपयोगही नव्हता, कारण २०१९च्या ऑगस्टात गाडी तीन दिवस पाण्यात होती आणि पाणी उतरल्यावर गाळ काचेच्या आत जाऊन बसला तो कायमचा. अण्णांनी बाहेरून धू धू धुतलं. आतली ती तपकिरी रेघ, थेट चौकटीवरून गेलेली, तशीच राहिली. म्हणजे २०१९ नंतर तो आकडा कुणी वाचलेलाच नाही. मीपण नाही. रोज बघत होते, वाचत नव्हते.

तीही रेघ आता गेली. तिच्याबद्दल तर मी त्या माणसाला बोललेच नाही. डाग काढायला सांगितलं होतं, त्यानं काढला.

चार वाजता रडूही येऊन गेलं. आकड्यासाठी नाही. म्हणजे आकड्यासाठीच, पण आकडा पाठ नसल्यासाठी. पैसे मी घालतेय, रेड ऑक्साइडची धूळ माझ्या नाकात, रोज उद्यमनगरला खेटे माझे, ‘बाईमाणूस काय गाडी करून घेणार’ हे ऐकणारी मी, आणि एवढं सगळं ज्याच्यासाठी म्हणायचं त्यातली पाच अक्षरं मला सांगता येत नाहीत. आईला विचारलं. ती म्हणाली, ‘आकडा कशाला बघीन मी? मी खिडकीतनं बाहेर बघायची.’

संध्याकाळी खोकं काखेत मारून उद्यमनगरच्या गॅरेजात गेले.

गाडी सध्या बघवत नाही. दारं काढून भिंतीला टेकवलीत, काचा नाहीत, सगळं अंग लालसर तपकिरी. एफसीला, म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल जीपला, आधीच नाक नाही. इंजिन आत, ड्रायव्हर आणि शेजारच्याच्या मधे, पत्र्याच्या झाकणाखाली. पुढचा सपाट चेहरा आणि दोन दिव्यांची भोकं. भोकांतून पलीकडचा चहाचा गाडा दिसतो. लहानपणी त्या झाकणावर घोंगडी टाकून आम्हाला बसवायचे. थंडीत स्वर्ग, एप्रिलात तव्यावरची भाकरी. तिकडं अमेरिकेत विलीजनं ही गाडी १९५६च्या शेवटी काढली, जीपच्याच ८१ इंची चाकांतरावर; पुढं तिकडं बंद पडली आणि इकडं महिंद्रानं चालू ठेवली. आपली १९६८ची. अण्णा हे सगळं येईल त्या पाहुण्याला सांगायचे. हे मला पाठ आहे बघा. २१९९ सीसी पाठ आहे, आत जाणारा व्हॉल्व्ह वर आणि धूर सोडणारा खाली ठोकळ्यात, हे पाठ आहे. आकडा नाही.

मिस्त्रीला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगणार होते? त्यांनी मीटर उलटं केलं, मागच्या भोकात बोट घालून बघितलं आणि म्हणाले, ‘केबल कुठाय ह्याची?’

केबल गाडीतच होती, पण नावापुरती. बाहेरची नळी डॅशबोर्डपासून खाली आलेली आणि केबिनच्या तळाशी तारेनं आवळून ठेवलेली. आतला पीळ मधेच तुटलेला, तुटलेल्या जागी गंज चढून काळा पडलेला. मिस्त्री गाडीखाली सरकले आणि तिथूनच हसायला लागले.

‘ताई, ह्ये बघा तुमच्या अण्णांचं काम.’

मीटरची केबल जिथून निघते त्या गिअरच्या पेटीच्या तोंडाला लाकडी बूच मारलेलं. बाभळीचं असावं. तासून गोल केलेलं, वरून सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी गुंडाळून आवळलेलं, ऑइल गळू नये म्हणून. आमच्या घरात मोडलेली प्रत्येक वस्तू सायकलच्या ट्यूबनं बांधलेली असायची. विळ्याची मूठ, चष्म्याची काडी, रेडिओची पट्टी. सही ओळखायला काहीच अडचण नव्हती.

‘कधीचं असेल?’

‘पंधरा-वीस वर्सं तर कुटं गेली न्हाईत. लाकूड बगा की कसं मुरलंय.’

म्हणजे आकडा बंदच होता. २०१८च्या त्या फोटोतही बंद होता. मी शेजारी बसून सातची आणि आठची अडकाअडकी बघायची तेव्हाही तो अडकलेला नव्हता, मेलेला होता. गाडी मार्केट यार्डात गुळाचे रवे घेऊन जात होती, जोतिबाला जात होती, माईला माहेरी सोडत होती, आणि मीटर त्याच एका जागी उभं. अण्णांना माहीत होतं. त्यांनीच तर बूच ठोकलेलं. काटा हलत नाही हे मला दिसत नव्हतं का? दिसत असणार. त्या गाडीत पेट्रोलचा काटाही हलायचा नाही, टाकीत वेताची काठी बुडवून बघायचे. न हलणारे काटे आमच्याकडं नेहमीचेच.

इथं खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. ज्या आकड्यापायी मी परक्या माणसावर तोंड टाकलं तो खोटाच निघाला, म्हणजे गेलं काही नाही. पण तसं झालं नाही. उलट आधी निदान एक गोष्ट हरवली होती. आता ती हरवायलाही नव्हती.

पुण्याचा तो माणूस पहिल्यांदा मीटर उघडून दाखवत होता तेव्हाचं आठवतंय. केबल आत एक लोहचुंबक फिरवते. त्याच्या भोवती ॲल्युमिनियमची वाटी. दोघं एकमेकांना शिवतही नाहीत, तरी चुंबक फिरलं की वाटी त्याच्या मागं ओढली जाते, आणि केसाएवढी एक स्प्रिंग तिला मागं धरून ठेवते. त्या ओढाताणीत काटा जिथं टेकतो तो वेग. आकड्यांचं तसं नाही. तिथं नुसते दाते. दाताला दात लागला की पुढं, नाहीतर नाही. मला तेव्हा काट्याचं फार कौतुक वाटलं होतं, दात्यांकडं मी लक्षच दिलं नाही.

गॅरेजमधून निघता निघता दादाला फोन केला. तिकडं सकाळ होती, कॉफी ओतल्याचा आवाज येत होता. सगळं सांगितलं, बुचासकट. तो इतका हसला की ठसका लागला. मग म्हणाला, ‘त्याला म्हणावं ९९९९९ लाव. तू गल्लीच्या टोकाला जाऊन आलीस की आपोआप शून्य होईल, कुणावर ओरडायला नको.’

मला हसू आलं, आणि हसता हसता आठवलं. गाडी एकदा खरंच शून्यावर आली होती. मी पाचवीत. गगनबावड्याच्या रस्त्यावर अण्णांनी गाडी बाजूला घेतली, ‘या रे, बघा बघा’ म्हणाले, आणि बैलाला चालवावं तशी हळूहळू पुढं काढली. पाचही नऊ एकदम उठले, थरथरले, आणि पाच शून्यं खाली बसली. अण्णांनी पुढच्या गावात पेढे घेतले. दुकानदारानं विचारलं कशाचे, तर म्हणाले, ‘गाडी झाली लाखाची.’

दादाला म्हटलं, तू होतास की माझ्या शेजारी. तो म्हणाला, मी नव्हतो, मी तेव्हा हॉस्टेलला. नसेल. पण मग घोंगडीवर माझ्या डाव्या बाजूला जो बसला होता आणि ज्यानं माझा पेढा खाल्ला, तो कोण? त्यावर आमचं थोडं वाजलंच. म्हणजे त्रेचाळीस हजारही नव्हते ते, एक लाख त्रेचाळीस तरी होते, अधिक बुचानंतरचे, जे कुठंच नाहीत.

दादाला त्या जुन्या गाड्यांच्या नोंदणीचं खूळ आहे. २०२१चा नियम, वय ५० वर्षांच्या वर, ‘व्हीए’वाली पाटी. त्याची अट म्हणे गाडी मूळ रूपात हवी. मालाच्या गाडीला तो लागू होतो का हे तो शोधतोय. शोधू दे. मला मूळ रूपाचं कळत नाही. डाव्या दारावरचा रंग खरवडला तर निळ्याखाली क्रीम, क्रीमखाली हिरवा, हिरव्याखाली ‘जोतिबा प्र’ एवढी अक्षरं, आणि त्याच्याही खाली बोटभर जाडीची लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. पेंटरनं पटाशी घातली तशी ती कपचा धरून पडली, आणि तिच्याखाली माझा पोचा निघाला. मी फाटकाला दार घासलं होतं तो. मला वाटायचं अण्णांनी ठोकून सरळ करून घेतला. नुसता भरला होता. एवढी वर्षं दार बाहेरून सपाट आणि आतून तसंच.

मिस्त्री म्हणतात, आता पत्रा मागून ठोकून काढू, वरनं लांबीचा हात नुसता कागदाएवढा. मी हो म्हटलंय. कटर बंद होता तेव्हा.

निघताना वायरमननं मीटर बॅटरीला लावून दाखवलं. हे आधी सांगायला हवं होतं, आज घडलेली एकच धड चांगली गोष्ट. पहिल्यांदा काहीच झालं नाही. ‘रंग लागला की अर्थ जातो,’ म्हणाला, म्हणजे विजेचं अर्थिंग, आणि माझ्या नव्याकोऱ्या प्रायमरवर पॉलिश पेपरनं रुपयाएवढा गोल घासून उघडा पत्रा काढला. मीटरची अर्थची वायर तिथं आवळली. मग टाकीची म्हणून जी वायर येते तिचं टोक तिथंच क्षणभर टेकवून धरलं. तो पेट्रोलचा काटा झटक्यात नाही उठत. आतली पट्टी तापते, वाकते, आणि काटा म्हाताऱ्या माणसासारखा दमानं वर येतो. आम्ही चौघं वाकून बघत होतो. पाव. अर्धा. पाऊण. फुल्ल.

टाकी अंगणात उलटी वाळत पडलीय.

उघडा गोल तसाच ठेवायचा, वर रंग मारायचा नाही, हे पेंटरला सांगायचं राहिलंय. बूच मी आणलंय, ते आता इथं दिव्याखाली आहे, ऑइलचा वास मारतंय. पुण्याला फोन करून माफी मागायचीय, आणि शून्य राहू दे म्हणायचं. एक लाख त्रेचाळीस हजार तर लावता येत नाहीतच म्हणा पाच चाकांत. बघू.

उद्या नवी केबल आणायचीय. मिस्त्रींनी लांबी सांगितली होती, साडेपाच फूट की साडेसहा. लिहून घेतलं नाही. आता विचारायचं तर पाऊण वाजलाय.