दुःखाच्या घरी

शनिवार, रात्री.

आजच्या पेपरात पुन्हा निधनवार्तांची गर्दी. बहुतेकांच्या शेवटी तीच ओळ, 'रक्षाविसर्जन सोमवारी सकाळी 8 वाजता'. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ही ओळ आधी वाचतात. त्या सकाळी तोंड दाखवून आलं की आपलं काम झालं, असा हिशेब. त्या गर्दीत कोण आलं नि कोण नाही, हे घरच्यांना नंतर आठवतही नाही. आठवतो तो पाचव्या-सहाव्या दिवशी आलेला.

लिंगायत शेजाऱ्याकडे हा हिशेब फसतोच. तिथं दहन नाही, बसवून दफन करतात. तिसऱ्या दिवसाची वाट बघत राहिलेला मराठी माणूस मागे पडतो. मुसलमानांत दफन शक्यतो त्याच दिवशी. कळलं की निघावं, कन्नड-उर्दू येवो न येवो.

"कसं झालं ओ?" हे घरातल्या बाईला विचारू नये. सकाळपासून येईल त्याला तिनं तेच सांगितलेलं असतं. बाहेर खुर्चीवर भाचा, जावई कोणीतरी बसलेला असतो, त्याला विचारावं. दहा-पंधरा मिनिटं बसणं पुष्कळ. उठताना 'येतो' म्हणायचं नाही. पोरं सवयीनं म्हणून जातात.

कडू घास, म्हणजे दुःखाच्या घरी पाठवलेलं जेवण, पहिल्या दिवशी तीन-चार घरांतून येतो आणि भाकऱ्या वाळून जातात. पुढं बाराव्यापर्यंत पाहुणे येतच असतात, चहाला दूध मात्र पुरत नाही. तेव्हा सकाळी न विचारता दोन लिटर दूध आणि साखर पोचती करावी. 'काय लागलं तर सांगा' म्हटलं की कोणी काही सांगत नसतं.

सगळ्यात मोठी मदत कागदांची. मृत्यूची नोंद 21 दिवसांत फुकट होते. मग विलंब शुल्क, 30 दिवसांनंतर वरची परवानगी, वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटचा आदेश. नोंद जिथं मृत्यू झाला तिथली, राहत्या गावची नव्हे. चिकोडीचा माणूस मिरजेच्या दवाखान्यात वारला, तर दाखला मिरजेहून आणावा लागतो. गावच्या पंचायतीत कितीही हेलपाटे घाला. घरीच वारला असेल, तर कळवायची जबाबदारी घरच्यांची, आणि दुःखात तेच राहून जातं.

नावाचा घोळ तर ठरलेला. आधारवर एक स्पेलिंग, शेताच्या उताऱ्यावर कन्नडमध्ये दुसरंच, आडनाव कुठं आधी, कुठं गायब. दाखल्यात ते चुकलं की बँक, विमा, उताऱ्यावर वारस लावणं, सगळं अडतं. ज्याला कन्नड वाचता येतं त्यानं आधार आणि उतारा घेऊन मुलासोबत जावं, छापण्याआधी अक्षर न् अक्षर बघावं, पाच-सहा प्रती काढून द्याव्यात. अर्ध्या दिवसाचं काम. तेवढ्यासाठी एजंट गाठावा लागतो, याची भावकीला लाज वाटायला हवी.

पैशाचं नाजूक असतं. आपलं येणं असेल तर तेराव्यापर्यंत विषय काढू नये. देणं असेल, आणि कुठं लिहिलेलं नसेल, तर आपण होऊन मुलाला आकडा सांगावा. भिशी चालवणाऱ्यानं तर वही घेऊनच जावं: किती हप्ते भरले, नंबर लागला होता की नाही, पुढचे हप्ते घरातलं कोण भरणार की रक्कम परत करायची.