ट्रेलरचे डुलणे थांबले, आता ब्रेककडे

परतवाडा–अमरावती रस्त्यावर वेग ताशी 50 किलोमीटरच्या पुढे गेला की जीपमागे जोडलेला ट्रेलर डावी-उजवीकडे डुलू लागतो, असे मागच्या नोंदीत लिहिले होते. त्याचे कारण आता हाती लागले असून उपायही लागू पडला आहे. चाकांचे बेअरिंग, टायरमधील हवा आणि कमानपाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) बुश, म्हणजे सांध्यांतील नळ्या, यांवर संशय घेऊन झाला होता. नवे बुश बसवूनही डुलणे तसूभरही कमी झाले नव्हते. दोष होता तो वजनाच्या वाटणीत.

धरमकाट्यावर जीप 1,390 किलो भरली आणि पाणी, तंबू, सामानासह ट्रेलर 420 किलो. म्हणजे ब्रेक नसलेला ट्रेलर जीपच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे, आणि ओढण्याच्या ताकदीचा तर प्रश्नच नाही, कारण 2,112 सीसीचे डिझेल इंजिन एवढे ओझे सहज ओढते. तथापि, गाडी ओढू शकते एवढ्यावरून ती सुरक्षितपणे ओढेल असे ठरत नाही. त्यासाठी ट्रेलर जीपला जोडणाऱ्या दांडीच्या टोकावर, म्हणजे हुकावर, किती भार येतो हे पाहावे लागते आणि एवढे लहान वजन धरमकाट्यावर नेमके कळत नाही. म्हणून गावातील कापूस खरेदीदाराकडचा इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला. त्यावर सागाचा ठोकळा उभा केला, दांडी हुकाच्याच उंचीवर येईल असे पाहून तिचे टोक त्यावर टेकवले, आणि आकडा 14 किलोंवर स्थिरावला. 420 किलोच्या मानाने हा भार साडेतीन टक्केही होत नाही. तो 10 ते 15 टक्के असायला हवा. बैलगाडी उलाळ होऊ नये म्हणून आपल्याकडे ओझे थोडे जुवाकडे सरकवून भरतात, तेच तत्त्व येथेही आहे, फक्त बैलांच्या चालीला जे खपते ते ताशी 50 च्या वेगाला खपत नाही.

हुकापासून एक्सलपर्यंतचे अंतर 220 सेंटीमीटर आहे. एक्सल 16 सेंटीमीटर मागे नेला तर हुकावर सुमारे 42 किलो येतील, असा हिशेब निघाला आणि पाटे सोडवून नवे ठिय्ये वेल्ड करण्याची तयारीही केली. मात्र आकडेमोड करताना पाण्याच्या टाकीकडे लक्ष गेले. नळ हाताशी यावा म्हणून वेल्डरने ती एक्सलच्या 35 सेंटीमीटर मागे बसवली होती आणि भरल्यावर ती सुमारे 100 किलोची होते. ती थेट पुढे घेतली असती, तर पाणी संपत जाईल तसा हुकावरचा भारही घटत गेला असता. ती एक्सलच्या नेमकी वर आणली की पाणी असो वा नसो, हुकावरचा भार तेवढाच राहतो. या एका बदलाने 16 किलो पुढे आले. उरलेल्यासाठी मागच्या फाळक्यावरचे 16 किलोचे जादा चाक 170 सेंटीमीटर पुढे, दांडीवर आणले. काट्याने 42 दाखवले तेव्हा झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. टाकी रिकामी असताना हेच प्रमाण 13 टक्के होते, म्हणजे तेही मर्यादेतच राहते. मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी 60 ला स्टिअरिंगला मुद्दाम हलका झटका देऊन पाहिला. ट्रेलर एकदाच हलला आणि मुकाट्याने सरळ झाला.

भार याहून वाढवण्याचा मोह मात्र टाळावा. हुक जीपच्या मागच्या एक्सलपासून 75 सेंटीमीटर मागे असल्यामुळे 42 किलोंनीच पुढच्या चाकांवरून सुमारे 14 किलो भार उचलला जातो, आणि आखूड जीपला तो स्टिअरिंगमध्ये जाणवतो. हुकाविषयीही स्पष्ट लिहितो: इंटरनेटवरून मागवलेला चकचकीत गोळ्याचा हुक परत केला. त्याची पट्टी पाहूनच विश्वास बसला नाही. नागपूरच्या जुन्या बाजारातून घेतलेला पिंटल हुक (दांडीची कडी जबड्यात धरून बंद होणारा हुक) दिसायला राकट असला तरी त्याची कडी आणि कुलूप भक्कम आहेत. हुकाखाली दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन बांधल्या आहेत, म्हणजे हुक निसटलाच तर दांडी रस्त्यात रुतणार नाही.

आता उरला उताराचा प्रश्न. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे आणि तेथून घाट उतरताना ट्रेलरचे सगळे ओझे जीपच्या चार ब्रेक-ड्रमांवर येते. ते सतत दाबून ठेवले तर तापतात आणि पकड सोडू लागतात, म्हणून दुसऱ्या गिअरमध्येच उतरायचे, असे ठरवले होते. पण हे लिहीत असतानाच लक्षात आले की ट्रेलरचा एक्सल मुळात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या एका जुन्या मोटारीचा मागचा एक्सल आहे. त्याला ड्रम आणि हँडब्रेकच्या केबल अजून शाबूत आहेत. जीपचा वेग कमी होताच ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्यानेच केबल ओढली जाईल असे सरकते टोक दांडीला बसवले, तर ट्रेलरला स्वतःचा ब्रेक मिळेल. मागे घेताना तो लागू नये म्हणून एक खिट्टी ठेवावी लागेल आणि पुढे-मागे सरकणाऱ्या नळीला चांगला बुश हवा. असे टोक कोणी घडवले असेल, तर नळीचा व्यास आणि स्प्रिंगची ताकद अवश्य कळवावी. तोवर घाट उतरण्यापूर्वी टाकी वरच रिकामी करणार आहे, म्हणजे 100 किलो तेवढे कमी.