तुम्ही विचारलंत म्हणून: अट्टल माणूस बाप्तिस्मा घेऊन खरंच बदलतो का?

जन्मभर लोकांना नाडलेला माणूस ख्रिस्ताकडे वळतो तेव्हा तो खरंच बदलतो की सोंग करतो, असं आम्हाला नेहमी विचारलं जातं. बदलतो. वेळ मात्र लागतो, आणि त्या वेळेचं कुणी सांगत नाही.

ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या आणि पुढे प्रेषित पौल झालेल्या शौलाचंच बघा. दिमिष्काच्या वाटेवर प्रकाश चमकला नि तो कोसळला, हे सगळ्यांना पाठ. त्यानंतरचे तीन दिवस तो अन्नपाण्याविना आंधळा बसून होता. दिमिष्कातल्या हनन्या नावाच्या शिष्याला प्रभूनं त्याच्याकडे जायला सांगितलं तर तो आधी कुरकुरला, आणि ते साहजिकच होतं. तरी गेला, डोक्यावर हात ठेवला आणि ‘भाऊ’ म्हणाला. यरुशलेमेतले शिष्य तर शौलाला भ्यायचेच. बर्णबा नावाचा शिष्य मध्ये पडला तेव्हा कुठे त्याला जवळ घेतलं. हनन्या आणि बर्णबा या दोघांवर प्रवचनं फार कमी होतात.

गुलामांच्या व्यापारातला इंग्रज खलाशी जॉन न्यूटन तर त्याहून अवघड. १७४८ च्या मार्चमध्ये जहाज वादळात बुडायला आलं तेव्हा त्यानं देवाचा धावा केला. पुढे कप्तान झाल्यावर जहाजावर खलाशांसाठी उपासना घ्यायचा, आणि खाली तळात बेड्या घातलेले गुलाम. १७५४ मध्ये दर्या सोडला तोही आजारपणामुळे. त्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका आली १७८८ मध्ये. वादळापासून चाळीस वर्षं!

मग ओळखायचं कसं? लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाचा हिशेब बघा. फसवून घेतलेलं परत करताना मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असं मोशेचं नियमशास्त्र सांगतं. म्हणजे शंभराचे एकशेवीस. जक्कय चौपट म्हणाला, चारशे. शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना. येशूनं त्याच्याकडे पैशांचा विषय काढल्याचं लूकच्या शुभवर्तमानातल्या या गोष्टीत कुठेच नाही. तो फक्त ‘आज मला तुझ्या घरी उतरायचंय’ म्हणाला. आधी कृपा, मग वही उघडते.

ती वही खरोखरच करायला सांगावी: कुणाचं, किती, केव्हा घेतलं. सोबत एक अनुभवी माणूस द्यावा, आठवड्याला एक बैठक. मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पैसा आणि व्यासपीठ, दोन्ही निदान पहिलं वर्षभर लांब. इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. नव्या माणसाला लगेच साक्ष द्यायला, म्हणजे आपण कसे बदललो ते सांगायला, उभं करतात, टाळ्या पडतात, आणि दर खेपेला त्याचं जुनं पाप थोडं मोठं होत जातं. बायबलमधल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात नवशिक्याला मंडळीचा अध्यक्ष करू नका म्हटलंय, ते गर्वानं फुगेल म्हणूनच.

दारूचं वेगळं. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जातो. प्रार्थना जरूर करा, पण त्याआधी डॉक्टरांना दाखवा.

आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात या माणसाला अचानक नेऊन उभं करू नका. आधी निरोप धाडावा. भेटायचं की नाही, ते त्यानं ठरवायचं. ‘देवानं माफ केलं, मग तुझं काय अडलंय?’ हे वाक्य मंडळीत सर्रास ऐकू येतं. जक्कयानं ज्यांना लुबाडलं होतं, त्यांच्यापैकी कुणालाही असं विचारलं गेलं नव्हतं. त्यांना पैसे परत मिळणार होते.