जामद्याच्या कालव्यात टर्बाइनचा आवाज मोजताना

गिरणा धरणातून रब्बीचं आवर्तन सुटलं की पाणी आधी नदीपात्रातून जामदा बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं. वाहत्या पाण्यावर फिरणाऱ्या छोट्या टर्बाइनचा पाण्याखालचा आवाज मोजण्यासाठी आम्ही तापी सोडून यातला एक कालवा धरला. तापीवर हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा अशी अडवणूक आहे. पावसाळा सरला की बॅरेजच्या फुगवट्यातलं पाणी जवळजवळ उभंच असतं, आणि पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की पात्रात उतरायचं नावच काढू नये. कालव्यात खोली आणि वेग दोन्ही बऱ्यापैकी ठरलेले, शिवाय दोन्ही काठांवरून दोर टाकता येतो.

चाळीसगाव जंक्शन आहे, मुंबई–भुसावळ मार्गावर. तिथून गाडी करून जाणं सोयीचं, कारण सामान बरंच होतं. पाटबंधारे शाखेची लेखी परवानगी आधी काढा. कालव्याच्या कोणत्या साखळीवर (म्हणजे मुखापासून किती अंतरावर) काम आहे ते अर्जात लिहा आणि पाटकऱ्याला आदल्या दिवशी भेटा. पाणी कधी वाढणार, कोणती चारी कधी उघडणार, हे त्याच्याइतकं नेमकं कोणीच सांगू शकत नाही. आवर्तनाचे पहिले दोन दिवस सोडून द्या: पाणी चढत असतं आणि सोबत गवत, काटक्या, प्लास्टिक, चिंध्या असं सगळं वाहून येतं.

जागा निवडताना गेट आणि फॉल (कालव्याचा तळ एकदम खाली उतरतो ती पायरी) यांच्यापासून निदान तीनचारशे मीटर खाली या. फॉलखाली पाणी उसळतं, त्यात हवेचे बुडबुडे मिसळतात. बुडबुडे स्वतः आवाज करतात आणि टर्बाइनचा आवाज गिळतातही. पाणी फेसाळ दिसत असेल तर ती जागा मोजणीच्या कामाची नाही.

आता मुख्य मुद्दा. हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, काठाला बांधून प्रवाहात सोडला की हेडफोनमध्ये घनगंभीर घरघर ऐकू येते आणि माणूस ती टर्बाइनची समजतो. ती बहुतांशी पाण्याची असते. प्रवाहातले भोवरे हायड्रोफोनच्या अंगावर आदळतात, तो दाब आवाज म्हणून नोंदला जातो. प्रत्यक्षात तो आवाज नाहीच, हायड्रोफोन तिथून काढला की तोही गेला. त्यात केबल थरथरते ती वेगळी. ६ मिलिमीटर जाडीची केबल १.२ मीटर प्रतिसेकंद प्रवाहात ताणून धरली तर साधारण ४० हर्ट्झला गुणगुणते (०.२ गुणिले वेग भागिले जाडी). म्हणून हायड्रोफोन पाण्याबरोबर वाहू द्यायचा. अलास्कात क्विचक नदीवर इगियुगिग गावाजवळच्या टर्बाइनची मोजणीही अशीच वाहत्या हायड्रोफोनने झाली. या प्रकारच्या यंत्रांच्या आवाजासाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्थेचं टीएस ६२६००-४० हे २०१९ चं तांत्रिक विनिर्देशपत्र आहे. ते वाचूनच जा. ते मुख्यतः समुद्र डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे, त्यामुळे दोन मीटर खोलीच्या पाटात काही गोष्टी आपल्यालाच ठरवाव्या लागतात.

तरंगा असा केला: ११० मिलिमीटरचा एक मीटर लांब पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकं बंद, तळाशी वाळूची पिशवी, म्हणजे तो उभा तरंगतो आणि फक्त वीत-दीड वीत वर दिसतो. रेकॉर्डर पाइपच्या डोक्यावर पाणी न शिरणाऱ्या डब्यात. हायड्रोफोन पाइपच्या बाजूने, रबरी दोरीच्या अर्ध्या मीटरच्या तुकड्याला टांगलेला, पृष्ठभागापासून सुमारे ८० सेंटिमीटर खाली. रबरी दोरी नसेल तर लाटांची प्रत्येक उडी नोंदीत उतरते. लोखंडी कडी, साखळी, क्लिप यांतलं काहीही वापरू नका. एका सैल कडीची खणखण टर्बाइनपेक्षा मोठी भरते. सगळ्या गाठी सुती दोरीने मारा आणि तरंगा पाण्यात सोडायच्या आधी कानाशी धरून हलवून पाहा.

हायड्रोफोनच्या रबरावर हवेचे बारीक बुडबुडे चिकटतात. साबणाच्या पातळ पाण्याने तो पुसायचा आणि पंधरा मिनिटं बादलीत बुडवून ठेवायचा. एवढं न केल्यास पहिल्या काही फेऱ्यांचे (तरंगा टर्बाइनजवळून एकदा वाहत गेला की एक फेरी) आकडे नंतरच्यांशी जुळत नाहीत.

रेकॉर्डरवर ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही. ऑटो गेन बंद, लिमिटर बंद, लो-कट बंद, म्हणजे रेकॉर्डर आवाजात स्वतःहून काही बदल करणार नाही. गेनच्या चाकावर चिकटपट्टी लावून टाका. मग रेकॉर्डरच मोजून घ्या: फोनवरच्या सिग्नल जनरेटरचा १ किलोहर्ट्झचा सूर १०० किलोओहम आणि १ किलोओहमच्या रोधांच्या (रेझिस्टर) जोडीतून दिला की मूळ व्होल्टेजचा १०१ वा भाग मिळतो. मूळ व्होल्टेज मल्टिमीटरने नीट मोजता येतं, काही मिलिव्होल्ट थेट मोजता येत नाहीत. हायड्रोफोनची संवेदनशीलता उणे १८० डेसिबल (१ व्होल्ट प्रति मायक्रोपास्कल हा संदर्भ) असेल, तर १२० डेसिबलचा आवाज उणे ६० डेसिबल-व्होल्ट, म्हणजे १ मिलिव्होल्ट देतो. हे गणित वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

काठावर लोक जमतात आणि १२० डेसिबल ऐकून दचकतात. पाण्यातला संदर्भ १ मायक्रोपास्कल आहे, हवेतला २० मायक्रोपास्कल. पाण्याची घनता आणि त्यातला ध्वनिवेगही वेगळा. तेवढ्याच तीव्रतेचा हवेतला आकडा साधारण ६२ डेसिबलने कमी येतो. गावकऱ्यांना हे समजावून सांगायला वेळ द्या. नाहीतर दुसऱ्या दिवशी टर्बाइनने मासे मरतात अशी बातमी तालुकाभर होते.

मोजणीचा क्रम: टर्बाइन भारासह चालू, मग भार काढून मोकळं, मग ब्रेक लावून थांबवलेलं, आणि जमल्यास पूर्ण वर उचलून. ब्रेक लावलेल्या स्थितीतली नोंद सगळ्यात मोलाची. सांगाडा, दोर, पाती यांवरून पाणी जाताना होणारा आवाज तीत असतो, फक्त फिरण्याचा नसतो. थांबलेल्या टर्बाइनची नोंद घेतली नसेल तर चालू टर्बाइनच्या आकड्याला अर्थ नाही. आणि सकाळभर चालू व दुपारभर बंद असं करू नका. पाणी बदलतं, शेजारचे पंप बदलतात. चार फेऱ्या चालू, चार बंद, असं आलटून पालटून घ्या.

प्रवाह १.२ मीटर प्रतिसेकंद असेल तर टर्बाइनच्या अलीकडचे-पलीकडचे पाच-पाच मीटर तरंगा आठएक सेकंदांत ओलांडतो. इतक्या थोड्या नोंदीवर काही ठरवता येत नाही, म्हणून प्रत्येक स्थितीसाठी निदान वीस फेऱ्या हव्यात. जीपीएसची तीन-पाच मीटरची चूक एवढ्या अंतरात चालत नाही. काठावर दर पाच मीटरला चुन्याची खूण करा, फोनने व्हिडिओ घ्या, आणि फेरीच्या सुरुवातीला सांगाड्यावर हातोडीचे दोन ठोके द्या. ते ठोके नोंदीतही दिसतात आणि व्हिडिओतही, वेळ जुळवायला दुसरं काही लागत नाही. वेग तरंगत्या लाकडाने मोजलात तर ०.८५ ने गुणा. पृष्ठभागाचं पाणी सरासरीपेक्षा जोरात वाहतं.

खालच्या बाजूला तरंगा धरणारा माणूस सायफन (पाणी बंद नळातून खाली जातं ती जागा) किंवा एस्केप (जादा पाणी बाहेर सोडायचं दार) यांच्या बराच आधी उभा हवा. अस्तरीकरणाचा उतार शेवाळलेला असतो, त्यावरून घसरलेला माणूस स्वतःहून वर येऊ शकत नाही. लाइफ जॅकेट, गाठी मारलेला दोर आणि लांब आकडा हवाच. पाण्यात कोणीही उतरायचं नाही.

नोंदीच्या वारंवारतेच्या आलेखात ५० हर्ट्झची, म्हणजे विजेच्या वारंवारतेची, रेघ जवळजवळ नक्की दिसेल. हायड्रोफोन पाण्याबाहेर काढा: रेघ तशीच राहिली तर ती वायरिंगमधून आलेली, गेली तर पाण्यातली, म्हणजे बहुधा काठावरच्या शेतीपंपांची. थ्री-फेज केव्हा असते ते गावात विचारून घ्या आणि एक पूर्ण संच ती नसतानाच्या वेळेत घ्या. शांत पार्श्वभूमी तेव्हाच मिळते. थंडीत अशी वेळ पहाटे आली तर स्वेटर घाला आणि जा.

टर्बाइनचे सूर आधी कागदावर काढून ठेवा, मग शोधा. तीन पाती, मिनिटाला ६० फेरे, तर पात्यांचा ठेका ३ हर्ट्झ. पहिल्या गिअरला ७२ दात असतील तर ७२ हर्ट्झ. दहापट वेगाने फिरणाऱ्या जनरेटरला आठ ध्रुवजोड्या असतील तर विजेची वारंवारता ८० हर्ट्झ, आणि रेक्टिफायरमुळे (एसीची डीसी वीज करणारा भाग) तिच्या सहापट, ४८० हर्ट्झला धक्के. बॅटरीच्या कंट्रोलरचा सूर काही किलोहर्ट्झला बारीक शिट्टीसारखा येतो.

आता खोलीकडे बघा. १.८ मीटर पाण्यात, तळ अगदी कडक धरला तरी, साधारण २०० हर्ट्झच्या खालचा आवाज दूर जातच नाही (ध्वनिवेग भागिले चारपट खोली, २० अंशांना वेग १४८२ मीटर). वाळूच्या तळावर ही मर्यादा ५०० हर्ट्झच्या आसपास चढते. म्हणजे वरच्या यादीतले ३ आणि ७२ हर्ट्झ टर्बाइनशेजारीच विरतात आणि दूरवर पोचतात ते ४८० (तेही काँक्रीटच्या तळावर) आणि कंट्रोलरची शिट्टी. पन्नास मीटरवर खालचे सूर दिसले नाहीत म्हणून टर्बाइन शांत आहे असं लिहू नका, आणि इथले आकडे तापीच्या डोहाला लावू नका. याच कारणाने आम्ही उगमस्थानचा स्तर, म्हणजे टर्बाइनपासून एक मीटरवरचा हिशेबी आकडा, काढतच नाही. दोन भिंतींच्या पाटात अंतराच्या लॉगचं २० पटीचं सूत्र (आवाज सगळीकडे मोकळा पसरतो असं धरणारं) चालत नाही. अंतरानुसार मिळालेला स्तर द्यावा, खोली आणि तळ सांगावा, बस.

हिशेबासाठी एक-एक सेकंदाचे तुकडे, निम्मे एकमेकांवर चढवलेले, हान विंडो (तुकड्याच्या कडा हळूहळू शून्यावर आणणारं वजन), आणि सगळ्या फेऱ्यांची मध्यका (चढत्या क्रमातला मधला आकडा). सरासरी घेतली तर एकाच काटकीचा टोला सगळं बिघडवतो. चालू आणि बंद यांत ३ डेसिबलहून कमी फरक असेल तर त्या वारंवारतेच्या पट्ट्यात टर्बाइनचा आकडा देऊ नये. ३ ते १० असेल तर वजाबाकी थेट डेसिबलची नाही, ते शक्तीत बदलून करायची: चालू ११८, बंद ११४, तर टर्बाइनचे ४ नव्हे, सुमारे ११५.८ डेसिबल.

तळाशी खडी घरंगळत असेल तर तिचाही आवाज येतो, २० मिलिमीटरच्या खड्यांचा ६-७ किलोहर्ट्झच्या आसपास. अस्तर असलेल्या कालव्यात हा त्रास कमी, नदीत भरपूर.

माशांबद्दल निष्कर्ष काढणाऱ्यांसाठी: रोहू, कटला हे कार्प कुळातले मासे, त्यांच्या वाताशयापासून (पोटातली हवेची पिशवी) अंतर्कर्णापर्यंत हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना दाबाचा आवाज काही किलोहर्ट्झपर्यंत कळतो. जनरेटरचे धक्के त्यांच्या ऐकण्यात येतात, म्हणून तो पट्टा काळजीने मोजा. ही साखळी नसलेल्या पुष्कळ माशांना पाण्याच्या कणांची हालचाल जाणवते, आणि ती एकट्या हायड्रोफोनने मोजली जात नाही. अहवालात हे वाक्य स्पष्ट लिहा. त्याखाली त्या दिवशीचा विसर्ग, गेजपट्टीवरची (काठावरची पाणी मोजायची आखीव पट्टी) पातळी आणि पाण्याचं तापमान टाका. गेजपट्टी सकाळी, दुपारी, संध्याकाळी वाचा, कारण वरची एखादी चारी उघडली की पातळी वीतभर उतरते आणि वेगही बदलतो.